घर ते गोठा: जमिनीखालून वीज कशी न्यावी

कोकणात घरापासून गोठ्यापर्यंत किंवा मांगरापर्यंत वीज न्यायची रीत ठरून गेली आहे. पडवीतल्या प्लगमधून वायर निघते, खळ्यावरून आंब्याच्या फांदीवर जाते, तिथून माडाला ठोकलेल्या खिळ्यावर आणि शेवटी गोठ्याच्या वाशावर. उन्हाळाभर ती चालते. पावसात झावळ पडली की तुटते, मग चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा टांगली जाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं, तेव्हा महावितरणचे खांब तर आडवे झालेच, पण परसातल्या असल्या वायरींचीही जाळी झाली. तुटलेली वायर ओल्या खळ्यात पडून राहते, मध्येच लाइन येते, आणि पहाटे गाय सोडायला सगळ्यात आधी आई गेलेली असते. जमिनीखालून केबल टाकण्याचं एवढं कारण पुरेसं आहे.

नीट पुरलेली आर्मर्ड केबल सहसा बिघडत नाही. बिघडतं ते तिची दोन टोकं जिथे वर येतात तिथे, आणि अर्थिंगमध्ये. म्हणून या लेखात खणण्याचं जितकं आहे त्याहून जास्त टोकांचं आणि अर्थिंगचं आहे. नवखा माणूस सगळा जीव चर खणण्यात ओततो आणि शेवटच्या दोन फुटांत कंटाळतो.

तुम्ही किती करायचं, वायरमनने किती

बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं घरच्या माणसाला चालतं. नवी लाइन ओढणं हे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचं काम आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत हे स्पष्ट आहे, आणि त्याआधीच्या २०१० च्या विनियमांतही होतं. पण या कामातला मजुरीचा मोठा वाटा खणणं, वाळू घालणं, केबल पसरणं, पुरणं यातच जातो, आणि तेवढं घरच्या घरी करता येतं. दोन्ही टोकांची जोडणी, मीटरच्या बाजूचं काम आणि चाचणी परवानाधारकाकडून करून घ्यायची आणि त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट जपून ठेवायचा. चर खणण्यापूर्वी त्याला एकदा जागेवर आणून मार्ग दाखवा. केबल पुरून झाल्यावर बोलावलेला वायरमन फक्त मान हलवतो.

आधी कागद, मग कुदळ

घरच्या दोन गाईंचा गोठा, लाकडं-गवत ठेवायचा मांगर, मागचं न्हाणीघर, हे सगळं घराच्याच आवारात असेल तर घरगुती मीटरवरून वीज नेण्यात सहसा कुणाची हरकत येत नाही. पण मांगराची होमस्टेची खोली करायची असेल किंवा काजू फोडायचं यंत्र बसवायचं असेल तर वापराचा प्रकार बदलू शकतो आणि दरही. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून बागेतल्या राहत्या खोलीला वीज देणं तर सरळ अंगाशी येणारं. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी किंवा मंजूर जागेखेरीज दुसऱ्या जागेत वापरलेली वीज हा अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी दुप्पट दराने होते. कधीपासून वापर चालू होता हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची होते. शंका असेल तर शाखा अभियंत्याला विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. मंजूर भारही बिलावर बघून घ्या, गोठ्यात मोटर येणार असेल तर तो वाढवून मागावा लागेल.

दुसरा कागद आपल्याकडचा नेहमीचा: सातबारा. घर तुमचं, गोठा तुमचा, आणि मधली दहा फूट वाट सामाईक. मुंबईतले दोन काका, पुण्यातली आत्ते, सगळ्यांची नावं वर. खणायला सुरुवात झाली की भाऊबंदांना हक्क आठवतात, म्हणून त्यांना आधी फोन करा आणि शक्य असेल तर दोन ओळी लिहून घ्या. मध्ये ग्रामपंचायतीचा रस्ता किंवा पाणंद येत असेल तर पंचायतीची लेखी परवानगी घ्यायची.

आणि एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा. मांगरात फक्त रात्री दोन दिवे लागणार असतील तर हा सगळा खटाटोप कशाला? एक छोटं सोलर पॅनल, बॅटरी आणि दोन एलईडी यांत काम होतं. चर खणायचा तो मोटर, कडबा कुट्टी, पाण्याचा पंप, मिल्किंग मशीन यांच्यासाठी.

केबल किती जाडीची

दुकानात गेलं की पहिला सल्ला मिळतो, "अडीचची घ्या, सगळे तीच नेतात." घरातल्या प्लगला अडीच चौरस मिलिमीटर ठीक आहे. साठ मीटर लांबच्या गोठ्याला नाही. लांबीबरोबर व्होल्टेज गळतं. हिशोब सोपा आहे: तांब्याच्या केबलसाठी मीटरमधली लांबी गुणिले अँपिअर गुणिले ०.०४२, आणि त्याला केबलच्या चौरस मिलिमीटरने भागायचं. येईल ते गळणारे व्होल्ट. ॲल्युमिनियमला ०.०४२ ऐवजी ०.०७ घ्या. लांबी एका बाजूचीच धरा, जाणं-येणं त्या आकड्यात धरलेलं आहे.

समजा गोठा ६० मीटरवर आहे. दोन एचपीची सिंगल फेज कडबा कुट्टी साधारण दहा अँपिअर घेते, अर्ध्या एचपीचा पंप साडेतीन-चार, दिवे-पंखे दीड. पंधरा अँपिअर धरा. अडीचच्या तांब्यात १५ व्होल्ट गळतात, चारच्या केबलमध्ये साडेनऊ, सहाच्यात सव्वासहा. २३० व्होल्टवर तीन टक्के म्हणजे जवळजवळ सात व्होल्ट, तेवढ्यात राहायचं तर सहा चौरस मिलिमीटर लागते. ॲल्युमिनियममध्ये तेच काम दहाची करते.

हे झालं चालत्या मोटरचं. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट खेचते. कुट्टीचे दहा अँपिअर तेवढ्यापुरते पन्नास होतात, आणि अडीचच्या केबलमध्ये एकट्या कुट्टीने पन्नास व्होल्ट जातात. संध्याकाळी वाडीत आधीच दोनशेच्या आसपास व्होल्टेज असतं. उरलेल्या दीडशेवर मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही, आणि चार दिवसांत कपॅसिटर नाही तर वाइंडिंग जळतं. दोष मोटरच्या कंपनीला जातो.

तांबं की ॲल्युमिनियम? ॲल्युमिनियम बरंच स्वस्त पडतं, पण खाऱ्या हवेत त्याच्या टोकावर ऑक्साइड लवकर धरतं आणि स्क्रू ढिले होतात. शंभर मीटरच्या आत असेल तर मी तांबंच घेईन. त्यापुढे किंमत झेपत नाही. तिथे सोळाची ॲल्युमिनियम घ्यायची, पण टोकाला बायमेटल लग, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायची दोन धातूंची टोपी, क्रिंप करूनच.

मागताना दुकानदाराला असं सांगा: ११०० व्होल्टची, तीन कोअरची, आर्मर्ड, आयएस १५५४ किंवा आयएस ७०९८ चा छाप असलेली. आर्मर्ड म्हणजे आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी तारेचं किंवा पट्टीचं चिलखत. घुशीचे दात आणि कुदळीचा चुकार घाव त्यावरच अडतो. तीन कोअर कशाला, तर फेज, न्यूट्रल आणि अर्थ. दोन कोअरची घेऊन चिलखतच अर्थ म्हणून वापरणारे आहेत. समुद्राच्या हवेत ते लोखंड टोकाशी गंजतं आणि अर्थ केव्हा तुटला ते कळत नाही. तीन कोअरमध्ये रंग लाल, पिवळा, निळा येतात, म्हणून दोन्ही टोकांना पिवळ्यावर हिरवी आणि निळ्यावर काळी स्लीव्ह चढवून घ्या. घरातल्या वायरिंगची साधी वायर पाइपात घालून पुरायची नाही. आपल्याकडे जमिनीतला पाइप आषाढात पाण्याने भरणारच.

लांबी मोजताना चराची लांबी, दोन्ही टोकांची उभी चढण आणि प्रत्येक टोकाला मीटर-दीड मीटरचं जादा वेटोळं धरा. केबल एकसंध हवी. जमिनीखाली जोड द्यायचा नाही. तो जोड किती चांगला झाला हे पहिल्या पावसाळ्यानंतर कळतं.

मार्ग आणि मुहूर्त

खणायचा काळ म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यापासून शिमग्यापर्यंत. भातकापणी उरकलेली असते, माणसं मोकळी असतात आणि जमिनीत अजून ओल असते. मे महिन्यात चाकरमानी येतात, हात भरपूर असतात, पण जांभा तोवर सुकून पहारीला दाद देत नाही आणि कधी वळीव येऊन अर्धा चर भरेल सांगता येत नाही.

सरळ रेषा सगळ्यात स्वस्त, पण माडांच्या आणि आंब्याच्या बुंध्यापासून दोन मीटर तरी लांबून जा. मुळं तोडली तर झाडाचं नुकसान, न तोडली तर तीच केबल ओढतात. शोषखड्डा, शेणकी आणि पाण्याची पाइपलाइन टाळा. समांतर जायची वेळ आलीच तर पाण्याच्या लाइनपासून फूटभर अंतर ठेवा. जिथे पुढे कधीतरी बाथरूम किंवा शेड बांधायचं तुमच्या मनात आहे तिथूनही नको. मार्ग ठरला की चुन्याची फक्की टाकून आखून घ्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा. जुनी विहिरीची लाइन कुठून गेलीय हे त्यांनाच ठाऊक असतं.

चर

लो व्होल्टेज केबलसाठी आयएस १२५५ मध्ये ७५० मिलिमीटर खोली दिली आहे, म्हणजे अडीच फूट. खाली वाळूचा थर येतो म्हणून पावणेतीन फूट खणा. रुंदी सव्वा फूट असली की माणसाला आत वाकता येतं. टेम्पो किंवा ट्रॅक्टर जातो तिथे मीटरभर खोल जाऊन केबल पाइपातून न्यायची. डीडब्ल्यूसी म्हणून मिळणारा दुहेरी भिंतीचा नागमोडी एचडीपीई पाइप यासाठी चांगला.

अडचण येते ती कातळाची. वर वीतभर माती आणि खाली अखंड जांभा, ही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी परसांची कथा. टिकावाने जिथे जमत नाही तिथे भाड्याने ब्रेकर मशीन आणा. जांभा त्याला बऱ्यापैकी मानतो, काळा दगड मात्र दिवस खातो. एवढं करूनही खोली मिळत नसेल तेवढ्या टप्प्यात केबल जीआय पाइपातून न्या आणि वर चार इंच काँक्रीट घाला. फूटभर खोल खणून "कोण येतंय इथे खणायला" म्हणत माती ओढू नका. तुम्हीच येणार असता, केळी लावायला.

रात्री उघडा राहिलेला चर म्हणजे फुरशाला आणि घोणशीला आयती जागा. सकाळी आत उतरण्यापूर्वी काठीने आणि बॅटरीने पूर्ण चर बघून घ्या. गाई-वासरं मोकळी फिरत असतील तर काठाला दोरी बांधा.

उतारावरच्या चराकडे कुणी लक्ष देत नाही. डोंगरउतारावर घर वर आणि गोठा खाली असेल तर हा चर म्हणजे पावसाळ्यात पाण्याला मोकळी केलेली वाट. जून संपेपर्यंत भरलेली माती वाहून जाते आणि केबल उघडी पडते. म्हणून उतारावर दर चार-पाच मीटरला चराच्या आत आडवे चिरे किंवा दाबलेल्या मातीचा बांध घाला, केबल त्यातून पाइपाच्या तुकड्याने काढा. आपल्या भाताच्या मळ्यांना बांध असतात त्याच कारणासाठी.

केबल घालणं

चराचा तळ साफ करून टोकदार खडे वेचा आणि तीन इंच वाळूचा थर द्या. ही वाळू खाडीची किंवा पुळणीवरची नको. तिच्यातलं मीठ, सालीला कुठे ओरखडा असेल तर तिथून चिलखत खाऊन टाकतं. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे. क्रशरची बारीक कच चालते आणि ती सगळीकडे मिळते.

केबलचं भेंडोळं जमिनीवर आडवं ठेवून टोक ओढत नेलं तर पीळ पडतो. ड्रम किंवा भेंडोळं पहारीवर उभं टांगून फिरवत सोडा, आणि दर काही पावलांवर एक माणूस ठेवून केबल उचलून न्या. दगडावरून घासत नेऊ नका. वळण देताना केबलच्या जाडीच्या बारा पटीपेक्षा लहान त्रिज्या नको. दोन सेंटिमीटर जाडीची केबल असेल तर वळण चोवीस सेंटिमीटरपेक्षा घट्ट होता कामा नये. चरात केबल ताणून न ठेवता थोडी नागमोडी राहू द्या. केबल कापल्याक्षणी दोन्ही टोकांना टोपी घाला, हीटश्रिंकची नसेल तर प्लॅस्टिक आणि टेप घट्ट गुंडाळा. उघड्या टोकातून तारांच्या मधून ओल आत चढते आणि मग मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर, आकडा कमी का येतो म्हणून सगळे डोकं खाजवतात.

इथे थांबा. पुरण्याआधी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या: प्रत्येक कोअर दुसऱ्या कोअरशी, आणि प्रत्येक कोअर चिलखताशी. नव्या केबलला शेकडो मेगओहम दिसायला हवेत. आकडा एक मेगओहमच्या खाली गेला तर त्या केबलमध्ये वीज सोडायची नाही.

मग पुन्हा तीन इंच वाळू, तिच्यावर विटा किंवा चपटे चिरे ओळीने. जुनी मंगलोरी कौलं घालतात, ती कुदळीला अडवत नाहीत, पण फुटल्याचा आवाज येऊन माणूस थांबतो, विटाच बऱ्या. त्यावर माती थराथराने, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. जमिनीच्या फूटभर खाली धोक्याची लाल-पिवळी पट्टी पसरा. वरून सहा इंच उंचवटा ठेवा, पहिल्या पावसाने तो खाली बसतो.

पण पुरण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि चरात टेप धरून काढा: घराच्या कोपऱ्यापासून किती, गडग्यापासून किती, विहिरीच्या कठड्यापासून किती.

दोन टोकं

घराच्या टोकाला गोठ्यासाठी वेगळा डबल पोल एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, हवा, या उदाहरणात वीस अँपिअरचा. दिव्यांच्या सर्किटमधून शेपूट काढायचं नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटले पाहिजेत, म्हणजे गोठ्यात काम करताना घरात बंद केलं की खरंच बंद.

केबल जमिनीतून वर येते तिथे दोन-अडीच मीटर उंचीपर्यंत पाइपाचं संरक्षण द्या. गाय अंग घासते, विळा-कोयता लागतो. या पाइपाचं वरचं तोंड सिलिकॉनने किंवा डक्ट सीलने बंद करा. उतारावर पाइप वापरला असेल तर वरच्या टोकाने शिरलेलं पाणी खालच्या टोकाने नळासारखं थेट स्विचबोर्डात पडतं. गोठ्यातला बोर्ड पाण्याने भरलेला सापडतो आणि छप्पर तर कुठे गळत नाही! पाणी आलेलं असतं घरापासून. म्हणून पाइप बोर्डापर्यंत नेऊच नका. बोर्डाच्या खाली फूटभर आधी तो संपवा, केबलला खाली झोकणारा बाक द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडतो, आणि केबल बोर्डात खालच्या बाजूने घ्या. वरून कधीच नाही.

बोर्ड आयपी ६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा, प्लॅस्टिकचा घ्या. लोखंडी पेटी समुद्राजवळ दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडते. पाऊस नैऋत्येकडून झडीने मारतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत नको. पूर्वेकडची, पडवीच्या आतली जागा बघा. उंची छातीइतकी, वासराचं तोंड पोचणार नाही अशी, आणि गवताच्या गंजीपासून लांब.

केबल पेटीत शिरते तिथे पितळी डबल कॉम्प्रेशन ग्लँड लावायची. ती चिलखत धरून ठेवते आणि रबराने पाणी अडवते. प्लॅस्टिकच्या पेटीत ग्लँडला अर्थ टॅग लावून तो अर्थ बारशी, म्हणजे बोर्डातल्या अर्थच्या तारा जोडायच्या पट्टीशी, जोडायचा, नाहीतर चिलखत अधांतरी राहतं. तारांच्या टोकांना लग क्रिंप करून घ्या. दातांनी सोलून पिळलेली टोकं स्क्रूखाली घालणारा वायरमन असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

अर्थिंग आणि आरसीसीबी

हा भाग घाईत वाचू नका.

जांभ्याची जमीन अर्थिंगला वाईट. पावसात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये कातळ भाजून निघतो तेव्हा अर्थिंगचा रोध किती तरी वाढतो. समजा तो पन्नास ओहम आहे आणि कुट्टीच्या मोटरमध्ये फेज बॉडीला लागला. २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअर जमिनीत जातील. तुमचा वीस अँपिअरचा एमसीबी हे साडेचार अँपिअर बघून स्वस्थ बसतो, त्याच्या लेखी एक इस्त्री चालू आहे. कुट्टीची लोखंडी बॉडी मात्र फेजच्या व्होल्टेजला उभी. आणि समोर ओल्या जमिनीवर अनवाणी माणूस.

इथे आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का एवढंच तो बघतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवण्याआधी तोडतो. अर्थिंग पन्नास ओहमचं असलं तरी तो पडतोच. गोठ्याच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच हवा. पण तो गोठ्यात असल्याने मधल्या केबलला त्याचा उपयोग नाही. कुणाची पहार केबलमध्ये घुसली तर तोडणारा घराच्या टोकाला लागतो. तिथे १०० मिलिअँपिअरचा, थोडा उशिरा पडणारा म्हणजे एस टाइपचा बसवायचा. तालुक्याच्या दुकानात तो सहसा तयार नसतो, आधी मागवून ठेवा. दोन्हीकडे ३० चे लावले तरी सुरक्षितता तीच, फक्त गोठ्यातल्या बिघाडाला कुठला आधी पडेल याचा नेम नाही आणि भर पावसात छत्री घेऊन दोन्हीकडे धावावं लागतं.

गोठ्याजवळ स्वतंत्र अर्थ पिट घ्या आणि तो तिसऱ्या कोअरने घराच्या अर्थिंगशी जोडा. चाळीस मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप ही साधी रीत. पायापासून दीड मीटर लांब. जागा निवडताना न्हाणीचं पाणी जिथे केळीच्या आळ्यात जातं तिथे बघा, परसातली बारमाही ओली जागा तीच. मीठ-कोळसा भरायची जुनी पद्धत चालते, पण मिठाने पाइप लवकर गंजतो. बेंटोनाइट माती महाग असली तरी ओल धरून ठेवते आणि पाइप खात नाही. किनाऱ्याला लागून असाल तर तांब्याचा मुलामा दिलेला रॉड बघा. रोध पाच ओहमच्या खाली आला तर उत्तम, कातळावर नाही आला तरी आरसीसीबी राखतो. मोजणी मात्र मे महिन्यात करा. जुलैमध्ये सगळ्यांचंच अर्थिंग छान असतं.

गोठ्याच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधायचे नाहीत. काही जण न्यूट्रल कमजोर पडला की अर्थवरून काम भागवतात. त्याने गोठ्यातलं सगळं लोखंड जिवंत होतं, आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून पुढे कुणीतरी तोच काढून टाकतो.

गाई-म्हशींना माणसापेक्षा फार कमी व्होल्टेजचाही झटका बसतो. चार पाय ओल्या शेणामुतात, पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, पायांत चप्पल नाही. तुम्हाला झिणझिणीही जाणवत नाही तेवढ्यावर गाय पाणी प्यायला बिचकते, दूध चोरते. म्हणून लोखंडी दावणी, गजाळं, पाण्याचा पाइप आणि मोटरची बॉडी सगळं एका हिरव्या वायरीने अर्थ बारशी बांधून घ्या.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार होतात, त्यासाठी घराच्या मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवता आला तर बघा. तरी जोरात गडगडायला लागलं की गोठ्याचा एमसीबी पाडून ठेवणं बरं.

सुरू करताना आणि नंतर

पुरल्यावर वायरमनने पुन्हा मेगर लावायचा. माती ठोकताना एखादा चिरा केबलवर बसला असेल तर आत्ताच कळेल. मग पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल उलटे तर लागले नाहीत ना), अर्थचा सलगपणा, आणि आरसीसीबी टेस्टरने पाडून बघणं. मोटर चालू करून गोठ्यातलं व्होल्टेज आणि त्याच वेळी घरातलं व्होल्टेज मोजा; फरक तुमच्या हिशोबाच्या जवळपास यायला हवा. दुप्पट आला तर कुठलातरी लग ढिला आहे.

नंतरची देखभाल थोडी. महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. नाही पडला तर त्याच दिवशी बदला. मे अखेरीला बोर्ड उघडून मुंग्या, पालीची अंडी, गंज साफ करा, स्क्रू आवळा, ग्लँडचं रबर बघा, आणि हे सगळं घरचा एमसीबी पाडून. आरसीसीबी वारंवार पडू लागला तर त्याला बायपास करू नका. एकेक उपकरण काढून बघा, बहुतेक वेळा दोषी पाण्याचा पंप निघतो. पुरात किंवा वादळात बोर्ड भिजला तर सुकवून वायरमनने तपासेपर्यंत घरचा एमसीबी खालीच. महावितरणची तार पडलेली दिसली तर जवळ न जाता १९१२ ला फोन.

आणि ते चरातले फोटो. त्यांवरून वहीच्या कागदावर नकाशा काढा, मापं लिहा, लॅमिनेट करून मीटरच्या पेटीत आतून चिकटवा. एक प्रत मुंबईच्या भावालाही पाठवा, कारण पुढच्या मे महिन्यात बाथरूम बांधायला जेसीबी तोच बोलावणार आहे.